टणक डोळा

मालोजीरावांच्या अंगठ्याला चाकणच्या कांद्याच्या बाजारात मोठा मान होता. शेतकऱ्याने गाडीवरून गोणी उतरवली की मालोजीराव तिच्यात हात खुपसत, मधला एखादा कांदा बाहेर काढत आणि त्याच्या मानेजवळ अंगठा दाबत. अंगठा रुतला नाही तर म्हणत, "टणक हाय, टिकंल." रुतला तर तोंड असं वाकडं करत की शेतकऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं, आणि म्हणत, "मऊ पडलाय. आतून नासलाय." एवढं झालं की पुढे कुणी वाद घालत नसे. माणूस खोटं बोलेल, तागडी खोटं बोलेल, पण मालोजीरावांचा अंगठा बोलणार नाही, अशी सगळ्या बाजाराची खात्री होती.

त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, त्या अंगठ्याची शिसारी होती. बाजाराने तो लांबून बघितलेला. त्यांना तो रोज ताटात दिसायचा. रुंद, चपटा, नखाच्या कडेने कायमची काळी रेघ, पेरावर तंबाखू मळून पडलेला पिवळा डाग. राखेने घासला तरी त्याचा कांद्याचा वास जात नसे, आणि राखेने घासायची तसदी तरी कोण घेतो. जेवताना तो आमटीत बुडे, मग मिठात, मग पुन्हा आमटीत. सुभद्राबाई स्वभावाने स्वच्छ. त्यांच्या घरी पाण्याच्या हंड्यावर बोटाचा ठसा दिसायचा नाही. अशा बाईच्या नशिबी हा अंगठा आला, त्याला कोण काय करणार.

त्यातून अलीकडे मालोजीराव फारच गबाळे झाले होते. थुंकायला पितळी पिकदाणी ठेवलेली, तर पिंक तिच्यात न पडता शेजारच्या सारवलेल्या जमिनीवर पडे. भात ताटाबाहेर सांडे. चहाची बशी ठेवायला जात ती पाटाच्या कडेवर टेके आणि सगळा चहा खाली. सुभद्राबाई पुसत आणि मनातल्या मनात शिव्या देत. माणूस पैशाने वर चढला की अंगाने खाली घसरतो, असं त्यांचं मत झालं होतं. कधी कधी त्या तोंडावर बोलूनही दाखवत, की गोठ्यातलं जनावरसुद्धा इतकं सांडत नाही. मालोजीराव त्यावर, दिव्याची काच नीट पुसत जा, उजेडाभोवती नुसती रंगाची कडी दिसतात, असं म्हणून उलट त्यांच्यावरच डाफरत. सुभद्राबाईंनी काच आधीच लख्ख पुसलेली असे.

रंगाची कडी सुभद्राबाईंनाही दिसत. ही सत्तावन्न सालची गोष्ट. डावा डोळा अधूनमधून ठणकायचा, कपाळ धरायचं, उलटी व्हायची. त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने दुसरं काय करायचं? अंगठा पुढे केला. बंद पापणीवर ठेवून दाबला, जरा फिरवला आणि खूश होऊन म्हणाले, "टणक हाय. काय धाड भरली न्हाई त्याला."

आणि हे एकदाच करून थांबतील तर ते मालोजीराव कसले? आपल्या कांद्याच्या वखारीत जायच्या आधी रोज सकाळी ते बायकोचा डोळा दाबून बघू लागले. तोंडात तंबाखूचा बार, त्याचा वास नाकावर, आणि पापणीवर तो खरखरीत, ओलसर अंगठा. सुभद्राबाई श्वास रोखून बसत. अंगठा निघाला की पदराने पापणी इतकी पुसत की ती लाल व्हायची. डोळा दिवसेंदिवस कठीण होत होता आणि मालोजीराव बाजारात कौतुकाने सांगत होते, की मंडळींचा डोळा साठवणीच्या गरव्या कांद्यासारखा आहे, चार वर्षं ठेवा, हलणार नाही. नजर थोडी कमी झाली आहे म्हणता? मोतीबिंदू असेल. पिकू द्या. न पिकलेला मोतीबिंदू आणि कच्चा कांदा, दोघांना हात लावू नये, हे लहान पोरालाही कळतं.

मग एका दुपारी सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या. उजव्या डोळ्यात कुसळ गेलं म्हणून त्यांनी तो हाताने झाकला, आणि समोरचं सूप, तांदूळ, अंगण, सगळं गेलं. डाव्या डोळ्याने काळं म्हणजे काळंच दिसत होतं. डोळा कधी गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. घरातलं माणूस न सांगता निघून जावं आणि जेवायला बोलवायच्या वेळी कळावं, तसं झालं.

मालोजीरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंजे पिकला."

शेजारी झुलेखा राहायची. तिचा नवरा लालमहंमद पिंपरीला कारखान्यांची कामं निघाली तसा तिकडे मोटारी दुरुस्त करायला जाऊ लागला होता. त्याच्या डोळ्यात एकदा लोखंडाचा कीस उडाला तेव्हा पुण्याच्या एका डॉक्टरने तो काढून डोळा वाचवला होता. झुलेखाने डोळ्याकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, की वहिनी, माझ्या आजीचा मोतीबिंदू पांढरा होता, दुधासारखा, तुमचा तर काळाच आहे, हे काहीतरी दुसरंच आहे. कापडं बदला आणि माझ्याबरोबर चला. मालोजीराव वखारीत होते. दोघी बायका एस.टी.त बसल्या.

डॉक्टर परदेशात शिकून आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, "बाई, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. हा पिकत नाही. हा खातो." डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत असतं, ते बाहेर जायची वाट बुजली की डोळा पाण्याने तट्ट फुगतो, कठीण होतो, आणि मागची नस दबून मरते. नजर कडेकडेने कुरतडली जाते, म्हणून माणसाला कळत नाही. डावा गेला तो गेला. उजवाही निम्मा खाल्ला गेला आहे.

काही महिने थेंब घालून बघितले. झुलेखा दिवसातून चारदा यायची, हात धुऊन थेंब टाकायची. डोळा काही नरम पडेना. तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं काढलं. नुसतं छेद घेऊन वाट केली तर तुमच्यासारख्यांची ती पुन्हा भरून येते, असं ते म्हणाले, म्हणून नळी बसवू. त्यांनी एका काचेच्या बशीत ती दाखवली. प्लॅस्टिकची, पारदर्शक, शेवईच्या तुकड्याएवढी. तिचं एक टोक डोळ्याच्या आत राहणार, दुसरं पांढऱ्या भागावरच्या पातळ कातडीखाली. पाणी आतून बाहेर झिरपत राहणार आणि तिथेच जिरून जाणार. ही नवी पद्धत आहे, नळी बुजू शकते, सरकू शकते, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राहील इतकंच, हेही त्यांनी लपवलं नाही.

सुभद्राबाईंनी पदर नाकाला लावला. बशीतला तो तुकडा ओला होता आणि दिव्याखाली चमकत होता, कुणाच्या तरी नाकातून काढल्यासारखा. तो आपल्या डोळ्यात जाणार, मरेपर्यंत तिथे राहणार. नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरं चित्र आलं. आपण दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या झालो आहोत, पाटावर बसलो आहोत, आणि मालोजीराव आपल्याला भरवत आहेत. भात कालवणारा तो अंगठा. घासाबरोबर ओठांना लागणारा. रोज, दोन्ही वेळा, जन्मभर.

"बसवा," त्या म्हणाल्या.

नळी बसली. पट्टी सुटली तेव्हा मालोजीराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते. बायको आपल्याला न विचारता पुण्याला गेली, हा राग त्यांनी गिळला होता, पण पचवला नव्हता. सुभद्राबाईंना आधी धूसर दिसलं, मग डॉक्टरांचा चेहरा, मग खिडकीतलं झाड. डॉक्टरांनी त्यांना खाली बघायला सांगितलं, वरच्या पापणीवर दोन बोटं अलगद टेकवली आणि म्हणाले, "मऊ झाला. छान. असाच मऊ राहू दे." डोळा दाबायचा नाही, चोळायचा नाही, धूळ जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी नवऱ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

मालोजीरावांनी त्यातला एकच शब्द घेतला. परतीच्या गाडीत मोशी आल्यावर ते म्हणाले, "मऊ म्हनला न्हवं त्यो?" सुभद्राबाईंनी हो म्हटलं. पुढे चाकणपर्यंत त्यांचं तोंड वाकडंच होतं, आणि त्या वाकड्या तोंडाची सुभद्राबाईंना ओळख होती. नासक्या कांद्याला मिळायचं ते तोंड होतं.

घरी आल्यावर जत्रा भरली. डोळ्यात नळ बसवलेली बाई बघायला अर्धं चाकण लोटलं. बायका येत, नमस्कार-चमत्कार न करता सरळ पापणीला हात घालत. पाणी नाकात उतरतं का, तोटी उघडायची कुठून, रात्री उशी भिजते का, असले प्रश्न. एकीने शेण थापून आलेल्या हाताने हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. दुसरीने सांगितलं की कांद्याच्या रसात मध घालून थेंब सोडा, नळी आपोआप विरघळेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. सुभद्राबाईंना गर्दीच्या घामाची, तपकिरीची, त्या चाळवलेल्या नजरांची इतकी किळस आली की त्यांनी शेवटी दाराला आतून कडी घातली. झुलेखाशिवाय कुणाला घरात घ्यायचं नाही असं ठरवलं.

मालोजीरावांना मात्र कडी कशी घालणार? पहिल्याच सकाळी ते अंगठा घेऊन आले. सुभद्राबाईंनी त्यांचा हात झटकला, पण तेवढ्यात अंगठा टेकला होता. ते मागे सरकले आणि खरोखरच घाबरले.

"रुततोय," ते म्हणाले. "अगं, नासवला त्यानं डोळा. इतका टणक डोळा व्हता, पार मऊ करून ठिवला."

सुभद्राबाईंनी परोपरीने समजावलं. कांदा वेगळा, डोळा वेगळा. डावा टणक होता आणि गेला, उजवा मऊ आहे आणि मला तुमच्या मिशीतला तंबाखूचा कण दिसतो आहे. पण जन्मभर ज्या अंगठ्याने कधी दगा दिला नाही, त्याच्यापुढे बायकोची काय किंमत? मालोजीराव म्हणाले की नासका कांदासुद्धा वरून दोन दिवस चांगला दिसतो. त्यांची भीती खोटी नव्हती, हेच वाईट. ते खरोखर बायकोचा डोळा वाचवायला निघाले होते. एक नासका कांदा सगळी वखार नासवतो, तशी ती नळी उद्या मेंदू नासवील, असं त्यांनी पक्कं धरलं होतं. नळी काढायची आणि डोळा पुन्हा घट्ट होऊ द्यायचा.

त्यासाठी शनिवारी, बाजाराच्या दिवशी, त्यांनी दत्तोबाला आणलं. दत्तोबा बाजारात अंजन विकायचा आणि पापणीचे आत वळलेले केस उपटून द्यायचा. झुलेखा दुपारचे थेंब घालून नुकतीच गेली होती, कडी काढलेलीच होती आणि सुभद्राबाई ओट्यावर बसल्या होत्या. मालोजीराव, दत्तोबा आणि मागून वखारीचे दोन हमाल ओट्यावर आले. दत्तोबाने पिशवीतून चिमटा काढला. त्याला काल उपटलेला कुणाचा तरी केस चिकटलेला होता. दत्तोबाने त्याच्यावर फुंकर मारली, धोतराला पुसला, पुन्हा बघितला आणि थुंकी लावून पुसला.

सुभद्राबाईंना भोवळ आली. भीतीने की किळसेने, ते सांगता येणार नाही. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हात लावायचा न्हाई. सांगून ठिवते."

"धरतो मी," मालोजीराव दत्तोबाला म्हणाले, आणि पुढे आले. वाटेत, उजव्या हाताला, पाण्याची घागर होती. सकाळपासून तिथेच होती. मालोजीराव भर दुपारच्या उजेडात तिच्यावर पाय आदळून धडपडले. घागर लवंडली, ओटाभर पाणी झालं. कुणी मधे ठेवली म्हणून त्यांनी शिवी दिली, सावरले आणि बायकोचं डोकं धरायला हात पुढे केला. हात डोक्याला लागलाच नाही. तो कानाच्या बाजूने जाऊन भिंतीवर आपटला.

सुभद्राबाई त्या भिंतीवरच्या हाताकडे बघत राहिल्या. असं चाचपणं त्यांनी कुठे बघितलं होतं? दुसरीकडे कुठे नाही, स्वतःतच. डावा जायच्या आधी त्याही अशाच उंबऱ्याला अडखळत होत्या, असाच तांब्या ठेवायला जाऊन बाजूला सोडत होत्या. मग पिकदाणीशेजारची ती पिंक त्यांच्या मनात आली. ताटाबाहेरचा भात. कडेवरून सांडलेला चहा. लख्ख पुसलेल्या काचेभोवतीची रंगाची कडी. इतके महिने त्या नाक मुरडून पुसत होत्या. गोठ्यातलं जनावर म्हणाल्या होत्या. पहिल्यांदाच त्यांना अंगठ्याची नाही, आपल्या त्या बोलण्याची किळस आली.

"तुमचं डोळं दाबून बघितलंत कधी?" त्यांनी विचारलं.

मालोजीरावांना हा प्रश्न आवडला. "रोज बघतो. दोन्ही टणक हायेत, एक लंबर."

सुभद्राबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं. चार माणसांसमोर बाईने नवऱ्याच्या तोंडाला हात लावावा, असं चाकणात कुणी बघितलं नव्हतं. हमालांनी माना वळवल्या. त्यांनी मालोजीरावांच्या पापण्या मिटवल्या आणि त्यांच्याकडूनच शिकल्याप्रमाणे आपला अंगठा ठेवला. एक डोळा, मग दुसरा. दोन्ही गोटीसारखे. मग त्याच अंगठ्याने त्यांनी स्वतःचा डावा, मेलेला डोळा दाबला. फरक नव्हता.

"आता माझ्या नाकाकडं बघा," त्या म्हणाल्या. "मान हलवू नका." त्यांनी आपला उजवा हात बाजूला लांब धरला आणि बोटं हलवली. दत्तोबाला ती दिसत होती. हमालांना दिसत होती.

"हात दिसतो का?"

"कंचा हात?" मालोजीराव म्हणाले.

त्यांनी दुसरा हात दुसऱ्या बाजूला धरला. "ह्यो?"

मालोजीरावांनी दोन्ही हात पुढे करून हवेत चाचपलं, मग मान वळवली, आणि हात इतका जवळ बघून दचकले. त्यांनी पुन्हा नाकाकडे बघितलं. हात पुन्हा गेला. ते कितीतरी वेळ असंच करत होते. दत्तोबाने चिमटा पिशवीत टाकला आणि निरोप न घेता पायऱ्या उतरला. हमालही गेले. ओट्यावरचं पाणी मालोजीरावांच्या पायांखालून वाहत राहिलं.

सोमवारी सकाळच्या गाडीने दोघं पुण्याला निघाली. थांब्यापर्यंत जाताना सुभद्राबाईंनी नवऱ्याचं मनगट धरायला हात पुढे केला, तर हाताला नेमका अंगठाच लागला. ओलसर, तंबाखूने चिकट झालेला. किळस नेहमीसारखीच आली. शनिवारपासून सगळं कळलं होतं, तरी ती यायची थांबली नव्हती. त्यांनी अंगठा सोडला नाही आणि खड्डा आला की म्हणत गेल्या, हितं खड्डा हाय.

गाडीत मालोजीरावांनी खिडकीबाहेर पिंक टाकली, ती खिडकीच्या दांडीवर पडली. सुभद्राबाईंनी ती कागदाने पुसली, या वेळी मनातसुद्धा शिवी न देता.

"मऊ करत्याल न्हवं त्ये?" मोशीच्या अलीकडे मालोजीरावांनी विचारलं.

"करत्याल. पन गेलं त्ये परत यायचं न्हाई. हाय त्येवढं राहील."

मालोजीरावांनी बायकोच्या हातातून अंगठा सोडवून घेतला, आपल्या मिटलेल्या पापणीवर ठेवला आणि सवयीने दाबला. त्यांचं तोंड हळूहळू वाकडं झालं.

"टणक हाय," ते म्हणाले, नासक्या कांद्याला म्हणावं तसं.

सुभद्राबाईंनी तो अंगठा त्यांच्या डोळ्यावरून काढला, आणि त्याला कांद्याचा वास येत होता तरी पुणं येईपर्यंत आपल्या मुठीत धरून ठेवला.